किल्ल्या

जुलै २००१. जहाजावरून उतरून मला दोन महिने झाले होते. पुढच्या जहाजाचं बोलावणं आलं नव्हतं आणि दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव पावसात पार बुडून गेलं होतं. वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं, तेही बहुधा आदल्या दिवसाचं. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे असरच्या नमाजाआधी पडवीत बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी आतल्या पानावर एक फोटो होता. पांढऱ्या खांबांचा राजवाडा, त्याच्या व्हरांड्यात एक जाडसर माणूस, अंगात साधा टी-शर्ट, खाली हाफ पँट. समोरच्या गर्दीला तो हात हलवत होता. मी बातमी वाचली. इंडोनेशियाचे अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांना पदावरून काढलं होतं. जगातले सर्वाधिक मुसलमान ज्या देशात राहतात त्याचे ते अध्यक्ष. त्याआधी कोट्यवधी लोकांचे मौलाना. दृष्टी जवळजवळ गेलेली.

"मौलाना, नि हाफ पँट?" नाना म्हणाले. मग खूप वेळ काहीच बोलले नाहीत. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडत होतं. शेवटी म्हणाले, "परत वाच."

तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्याला अख्खा इंडोनेशिया 'गुस दुर' म्हणतो. गुस म्हणजे धर्मगुरूच्या मुलाला लाडाने, आदराने लावायची पदवी, आणि दुर हा अब्दुर्रहमानमधला तुकडा.

आम्हा कोकणी मुसलमानांना इंडोनेशिया तसा लांबचा वाटत नाही, आणि त्याचं कारण समुद्र एवढंच नाही. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी, आम्ही शाफई, म्हणजे इस्लामी आचाराच्या दोन वेगळ्या परंपरा. मुंबईत हनफी मशिदीत गेलो की फजरच्या नमाजात आमचे हात सवयीने दुआ-ए-कुनूतसाठी वर जायला लागतात आणि शेजारचा बघतो. लहानपणी मला याची लाज वाटायची. पुढे जहाजामुळे पहिल्यांदा सुराबायाला उतरलो, पहाटे बंदराजवळच्या मशिदीत गेलो, आणि दुसऱ्या रकातीत अख्ख्या रांगेचे हात वर गेले. इमामाच्या प्रत्येक वाक्यावर तेच 'आमीन', जे मी नानांच्या मागे उभं राहून म्हणायचो. जावाचे मुसलमानही शाफई. मौलूद, कबरीवरची फातिहा, पीर-अवलियांची जियारत, सगळं आमच्यासारखं. माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यात वाढलेल्या माणसाला जावात परकं वाटायचं कारणच नाही.

हीच परंपरा सांभाळायला १९२६ साली 'नहदतुल उलमा' ही संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक हाशिम अशआरी म्हणजे गुस दुर यांचे आजोबा. पूर्व जावातल्या जोंबांगजवळ तेबुइरेंग इथे त्यांचं पेसांत्रेन, म्हणजे विद्यार्थ्यांनी गुरूच्या अंगणात राहून शिकायचा मदरसा. गुस दुर तिथलेच, १९४० सालचे. वडील वाहिद हाशिम स्वतंत्र इंडोनेशियाचे धर्मखात्याचे मंत्री झाले. १९५३ मध्ये बांडुंगजवळ मोटारीच्या अपघातात ते गेले. बारा वर्षांचा मुलगा त्याच गाडीत होता आणि त्याला काही झालं नाही.

पुढे तो कैरोला अल-अझहरमध्ये गेला आणि तिथल्या घोकंपट्टीला कंटाळून सिनेमे, फुटबॉल आणि पुस्तकं यांत रमला. तिथून बगदाद. बगदादच्या विद्यापीठाने त्याला खरं शिक्षण दिलं. परदेशात असतानाच लग्न ठरलं, तेव्हा निकाहाला नवरदेवाच्या जागी त्याचे आईकडचे वृद्ध आजोबा बसले. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा कोवळ्या मुलीशी लग्न करतोय. ही गोष्ट जावात अजून हसत सांगतात. ती मुलगी म्हणजे सिंता नूरिया. पुढे अपघाताने त्या चाकाच्या खुर्चीत आल्या, आणि राजवाड्यात गेल्या त्याही त्याच खुर्चीतून.

पेसांत्रेनमधल्या गुरूला कियाई म्हणतात. शिष्य म्हणजे सांत्री. सांत्री कियाईच्या हाताचं चुंबन घेतो, त्याच्यासमोर मान खाली घालून चालतो. कुराणातले दोन शब्द तिथे जगण्याचा नियम होऊन बसले आहेत: 'समिअना व अतअना', आम्ही ऐकलं आणि आम्ही मानलं. कियाई का म्हणाला, कशावरून म्हणाला, हे विचारायचं नसतं. तो बोलला तर त्यात काही असणार. तो गमतीत बोलला तर त्यात जास्तच असणार.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण गुस दुर यांचं चढणं आणि पडणं या दोन्हींचं मूळ मला इथे दिसतं.

१९८४ साली सितुबोंदोच्या अधिवेशनात ते संघटनेचे अध्यक्ष झाले. सुहार्तोंची लष्करी राजवट तेव्हा ऐन भरात होती. गुस दुर यांनी संघटनेला पक्षीय राजकारणातून बाहेर काढलं आणि राज्याचा पाया म्हणून पंचसिला स्वीकारायला लावलं. पंचसिला म्हणजे ईश्वरावर श्रद्धा, माणुसकी, एकता, लोकशाही, सामाजिक न्याय अशी पाच तत्त्वं. इस्लामी राज्य नको, हे एका धर्मगुरूने तीन-चार कोटी अनुयायांच्या वतीने सांगितलं. सरकारला तेव्हा बरं वाटलं. पण १९९० मध्ये सुहार्तोंनी मुस्लिम बुद्धिजीवींची सरकारी छत्रछायेतली संघटना काढली, तेव्हा गुस दुर तिच्यात गेले नाहीत. धर्माच्या नावाने गट पाडू नका म्हणाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'फोरम देमोक्रासी' सुरू केला. त्याच सुमारास एका साप्ताहिकाने वाचकांच्या आवडत्या व्यक्तींचा कौल छापला आणि त्यात पैगंबरांचं नाव अकराव्या क्रमांकावर आलं. देशभर आग. संपादक तुरुंगात. मोठ्या मुस्लिम नेत्यांमध्ये साप्ताहिक बंद करण्याच्या विरोधात उभे राहिले ते गुस दुर. पैगंबरांचा मान एका साप्ताहिकाने जाण्याइतका हलका नाही, असा त्यांचा भाव होता. १९९४ च्या चिपासुंग अधिवेशनात त्यांना पाडायला सुहार्तोंनी सगळी यंत्रणा लावली. थोडक्या मतांनी का होईना, ते टिकले.

अनुयायांना त्यांचा पुढचा डाव कधीच कळायचा नाही. १९९६ मध्ये त्याच सुहार्तोंशी एका पेसांत्रेनमध्ये सर्वांसमोर हस्तांदोलन केलं, पुढच्या वर्षी सुहार्तोंच्या मुलीला घेऊन कियाईंच्या सभांमध्ये फिरले. लोकशाहीवाले मित्र दुखावले. सांत्री म्हणाले, गुसच्या मनात काहीतरी असणार. या वाक्यावर त्यांची पंधरा वर्षं निभावली.

जानेवारी १९९८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. आधीच अधू झालेली दृष्टी जवळजवळ संपली. मे महिन्यात सुहार्तो गेले. २३ जुलै १९९८ ला गुस दुर यांच्या जकार्तातल्या घरी नव्या पक्षाची घोषणा झाली. ही तारीख लक्षात असू द्या.

१९९९ च्या निवडणुकीत मेगावती सुकर्णोपुत्रींच्या पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं पडली, गुस दुर यांच्या पक्षाला १३ टक्क्यांच्या आत. पण अध्यक्ष निवडायची लोकसल्लागार सभा. मेगावती नकोत, बाई तर नकोच, असं म्हणणाऱ्या इस्लामी पक्षांची मोट अमीन रईस यांनी बांधली आणि गुस दुर यांचं नाव पुढे केलं. अमीन रईस म्हणजे प्रतिस्पर्धी सुधारणावादी संघटनेचे, मुहम्मदियाचे माजी प्रमुख. २० ऑक्टोबर १९९९ ला निकाल लागला, ३७३ विरुद्ध ३१३. चालायला दोन माणसांचा आधार लागणारा एक आजारी मौलाना वीस कोटींच्या देशाचा लोकशाही मार्गाने निवडलेला पहिला अध्यक्ष झाला. सोलो आणि बालीत मेगावतींच्या लोकांनी जाळपोळ केली. दुसऱ्या दिवशी त्या उपाध्यक्ष झाल्या.

एकवीस महिने. या एकवीस महिन्यांत त्यांनी जे केलं ते मोजायला बसलो की माझा त्यांच्यावरचा जीव पुन्हा वाढतो. वर्तमानपत्रांवर पहारा ठेवणारं माहिती खातं त्यांनी पहिल्याच फटक्यात मोडीत काढलं. १९६७ पासून चिनी वंशाच्या नागरिकांना उघड्यावर सण साजरे करायला बंदी होती, सिंहनृत्यावर बंदी होती. जानेवारी २००० मध्ये एका आदेशाने ती उठली. पूर्व टोकाच्या इरियन जाया प्रांताला तिथल्या लोकांचं 'पापुआ' हे नाव परत मिळालं. पश्चिम टोकाच्या आचे प्रांतातल्या बंडखोरांशी बोलणी सुरू झाली. लष्करप्रमुख राहिलेले जनरल विरान्तो यांना मंत्रिमंडळातून बाजूला केलं.

आणि मार्च २००० मध्ये त्यांनी १९६५ च्या हत्याकांडाबद्दल माफी मागितली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कम्युनिस्ट म्हणून लाखो माणसं मारली गेली होती. पूर्व जावात मारणाऱ्यांमध्ये नहदतुल उलमाची तरुण पोरंही होती. आपल्या आजोबांच्या संघटनेच्या हाताला लागलेलं रक्त त्यांनी नाकारलं नाही. कम्युनिझमवरची बंदीच उठवू या म्हणाले. स्वतःच्याच कियाईंना हे झेपलं नाही. कुठल्याही धर्माच्या कुठल्या नेत्याने सत्तेत असताना आपल्याच माणसांबद्दल असं बोलल्याचं मला आठवत नाही. सत्ता गेल्यावर बोलणारे पुष्कळ असतात.

मग बिघडलं कुठे?

उत्तर अनेक आहेत आणि सगळी थोडी थोडी खरी आहेत. लष्कर दुखावलेलं. जुन्या राजवटीचा गोलकर पक्ष शाबूत. ज्यांनी निवडून दिलं त्यांनी मंत्रिपदांच्या बदल्यात दिलेलं. पण मला वाटतं, अध्यक्षांच्या आत बसलेल्या कियाईला प्रश्नाची सवय नव्हती. संसदेला ते बालवाडी म्हणाले, तेव्हा देश हसला. एप्रिल २००० मध्ये त्यांनी युसूफ कल्ला आणि लक्समाना सुकार्दी या दोन मंत्र्यांना काढलं आणि बंद दाराआड भ्रष्टाचाराचं कारण सांगितलं. पुरावा दिला नाही. संसदेने जाब विचारला. त्यावर त्यांचं म्हणणं, असा जाब विचारायचा अधिकारच तुम्हाला नाही. राज्यघटनेच्या पोथीत त्यांचं कदाचित बरोबरही असेल. पण समोर सांत्री बसलेले नव्हते. 'गुसच्या मनात काहीतरी असणार' असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

त्यात डोळे नाहीत. प्रत्येक कागद कुणीतरी वाचून दाखवायचा. जकार्तात एक शब्दच रूढ झाला, 'पेम्बिसिक', कानात कुजबुजणारे. कोण काय वाचतो, काय गाळतो, यावर देश चालायला लागला. नानांना पेपर वाचून दाखवताना मीही गाळायचो. कुणाची मय्यत, गावातल्या भांडणाची बातमी. वाईट हेतूने नाही. पण गाळायचो.

मग दोन प्रकरणं आली. अन्नधान्य महामंडळाच्या कर्मचारी निधीतून ३५ अब्ज रुपिया उचलले गेले, आणि त्यात गुस दुर यांच्या मालिशवाल्याचं नाव आलं. दुसरं, ब्रुनेईच्या सुलतानाने आचेसाठी दिलेले २० लाख डॉलर. गुस दुर यांनी स्वतः पैसे खाल्ले यावर त्यांच्या शत्रूंचाही फारसा विश्वास नव्हता, आणि मे २००१ मध्ये महान्यायवादींनी त्यांना निर्दोष म्हटलं. पण तोवर १ फेब्रुवारीचा संसदेचा पहिला ठपका येऊन गेला होता, ३९३ विरुद्ध ४ मतांनी. एप्रिलअखेर दुसरा. हिशेब कुठे, हे लोक विचारत होते, आणि गुस दुर यांना त्या विचारण्यातच अपमान दिसत होता. त्यांचं लाडकं वाक्य होतं, 'गितू आजा कोक रेपोत', एवढ्याशाचा काय एवढा त्रास. पेसांत्रेनच्या ओसरीवर या वाक्याने शंभर भांडणं मिटली असतील. संसदेत त्याने आग लागली.

इथे मला नानांची गोष्ट सांगितली पाहिजे.

नाना आमच्या गावच्या जमातीचे मुतवल्ली होते, सत्तावीस वर्षं. मशिदीची नारळाची बाग, दोन भाड्याच्या खोल्या, कबरस्तानाची देखभाल, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तो वाजला की आम्ही मुलं गप्प व्हायचो. एका जुम्म्याला नमाजानंतर आखातातून सुट्टीवर आलेल्या एका तरुणाने उठून विचारलं, बागेचा हिशेब एकदा जमातीसमोर वाचाल का? अदबीने विचारलं. मी तिथे होतो, मी ऐकलं. नानांचा चेहरा राखेसारखा झाला. "माझ्याकडे हिशेब?" एवढंच म्हणाले. किल्ल्या मिंबरच्या पायरीवर ठेवल्या आणि घरी आले. पुन्हा जमातीच्या बैठकीला कधी गेले नाहीत.

ते गेल्यावर त्यांच्या पेटीत वह्या सापडल्या. प्रत्येक पाडपाची तारीख, नारळांची संख्या, विकले किती, पाडेकऱ्याला दिले किती, कुजले किती. एका पैशाची खोट नाही. वही उघडून वाचायला दहा मिनिटं लागली असती.

म्हणून २३ जुलैची रात्र मला इतर कुणाहून वेगळी दिसते, आणि जास्त दुखते. लोकसल्लागार सभेने हिशेब द्यायला बोलावलं, गुस दुर गेले नाहीत. उलट रात्री एक वाजून गेल्यावर राजवाड्यातून फर्मान वाचलं गेलं: दोन्ही सभागृहं गोठवली, वर्षभरात निवडणुका, गोलकर गोठवला. ज्या माणसाने सुहार्तोंच्या काळात लोकशाहीचा मंच उभारला, त्याने सुहार्तोंचं हत्यार हातात घेतलं. मी त्यांच्यावर कितीही प्रेम केलं तरी हे मला झाकता येत नाही. ते चूक होतं. सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य म्हटलं. लष्कर हललं नाही. उलट रणगाड्यांच्या तोफा राजवाड्याकडे वळवून उभ्या होत्या. त्याच दिवशी ५९१ मतांनी, एकही विरोधी मत न पडता, त्यांना काढलं आणि मेगावतींनी शपथ घेतली. सभेच्या अध्यक्षस्थानी अमीन रईस होते, त्यांना खुर्चीवर बसवणारे. पक्षाच्या घोषणेला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

संध्याकाळी ते व्हरांड्यात आले. नानांना मी वाचून दाखवला तो फोटो.

पूर्व जावातून हजारो लोक निघायच्या तयारीत होते. 'मरायला तयार' अशी पथकंच होती, मंत्रवलेल्या विळ्या-कोयत्यांसह. त्याआधीच्या महिन्यांत तिकडे गोलकरच्या कचेऱ्या जळल्या होत्या. कियाईचा एक शब्द पुरला असता. समिअना व अतअना. गुस दुर यांनी तो शब्द दिला नाही. घरी जा, असं सांगितलं. माणसाचं रक्त सांडून राखावी अशी कुठलीही खुर्ची जगात नाही, हे ते पुढेही सांगत राहिले. तीन दिवस राजवाडा सोडला नाही हेही खरं. २६ जुलैला बाहेर पडले आणि उपचारांसाठी अमेरिकेला गेले.

पुढची वर्षं मी लांबून बघत होतो. स्वतःच्या पक्षातूनही भाच्याच्या नात्यातल्या माणसाने त्यांना बाजूला सारलं. अहमदियांवर, ज्यांना बाकीचे बहुतेक मुसलमान आपले मानत नाहीत त्या पंथावर, हल्ले झाले तेव्हा ते अहमदियांच्या बाजूने बोलत राहिले. ३० डिसेंबर २००९ ला गेले. तेबुइरेंगला सरकारी इतमामात दफन झालं तेव्हा पुढे उभे होते राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो. २००१ च्या जूनमध्ये गुस दुर यांनी त्यांनाच मंत्रिमंडळातून काढलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी आमचं जहाज तांजुंग पेराक बंदरात दोन दिवस थांबणार होतं. मी बस पकडून जोंबांगला गेलो. तिथले लोक सांगतात, गावाचं नाव 'इजो' आणि 'आबांग' यांवरून, हिरवा आणि लाल. हिरवे म्हणजे नमाजी सांत्री, लाल म्हणजे जुन्या जावानी रीतीचे. दोघं मिळून गाव. कबरीकडे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा टोप्या, तसबीहा, खजूर आणि गुस दुर यांच्या चेहऱ्याचे टी-शर्ट. आत वडील, आजोबा आणि ते, जवळ जवळ. कबरीला घुमट नाही. दगडावर अरबी, इंडोनेशियन, चिनी आणि इंग्रजीत लिहिलंय की इथे माणुसकीचा पाईक विसावला आहे. बसच्या बस भरून बायका येत होत्या, यासीन वाचत होत्या. माझ्या शेजारी एक चिनी कुटुंब हात जोडून उभं होतं. मी फातिहा पढलो. एक त्यांच्यासाठी, एक नानांसाठी. नानांसाठी जरा जास्त वेळ लागला.

२०२४ मध्ये लोकसल्लागार सभेने त्यांना काढणारा जुना ठराव यापुढे लागू नाही असं जाहीर केलं. १० नोव्हेंबर २०२५ ला त्यांना राष्ट्रवीर ही पदवी मिळाली. त्याच समारंभात ती सुहार्तोंनाही मिळाली. ही बातमी मी मोबाइलवर दोनदा वाचली, मोठ्याने. पडवीत ऐकणारं कुणी नव्हतं.

२००१ च्या त्या आठवड्यात मात्र नाना रोज विचारत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या आणि मी वाचल्या: माजी अध्यक्ष राजवाड्यातून बाहेर पडले.

"किल्ल्या दिल्यान काय त्याने?" नानांनी विचारलं.

"दिल्या," मी म्हणालो. तसं काही छापलेलं नव्हतं.

"आणि त्याची माणसं? मारामारी?"

"नाही झाली. त्यानेच घरी पाठवलं सगळ्यांना."

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कमरेपाशी, जिथे पूर्वी जुडगा असायचा, तिथे त्यांचा हात क्षणभर गेला. मशिदीतून असरची बांग झाली. वजूला पाणी दे म्हणाले. मी तांब्या घेऊन आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते पडवीच्या पायरीवर उभे होते, अंगात सदरा, डोक्यावर टोपी, आणि कित्येक वर्षांनी मशिदीच्या वाटेकडे तोंड करून.